बाजूला घ्या गाडी

(रात्र. पुलाच्या उतारावर नाकाबंदी. टॉर्चचा उजेड दोनदा हलतो.)

"ए, बाजूला घे गाडी."

शिट्टी वाजते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बाइक कडेला लावतो. बाइकचे दोन्ही आरसे काढलेले, दिसायला बरं म्हणून. हेल्मेट उतरवण्याआधीच त्याचा हात पाकिटाकडे जातो. लायसन्ससाठी नाही, शंभराच्या दोन नोटांसाठी. मामांनी अजून काही विचारलेलंसुद्धा नाही.

हा हात आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. मोठी माणसं असंच करताना आपण लहानपणापासून पाहिलंय. आपलं नक्की चुकलंय का, आणि चुकलं असेल तर समोरच्याला काय करता येतं, हे ठाऊक नसलं की माणूस प्रकरण मिटवायला बघतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १३० सांगतं, सार्वजनिक ठिकाणी गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की चालकानं लायसन्स दाखवायचं. यात घासाघीस नाही. "साहेब, कशासाठी थांबवलंत?" हे जरूर विचारा, पण लायसन्स पुढे करत विचारा. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून घ्या. अरेरावी करू नका. आणि अंगाला हात तर लावूच नका. ज्याला सगळे तीनशे त्रेपन्न म्हणायचे, तो सरकारी कर्मचाऱ्याला कामात बळानं अडवण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये आहे.

मूळ कागद जवळ नाहीत? २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रं चालतात. मोबाइलच्या गॅलरीतला लायसन्सचा फोटो मात्र चालत नाही. इथे रोज कितीतरी जण फसतात. १ ऑक्टोबर २०२० पासून नियम आणखी स्पष्ट झाला. कागदपत्रं ऑनलाइन तपासून बरोबर निघाली, तर छापील प्रत मागायची नाही. कुणी तपासली, कधी तपासली, याची नोंदही सरकारी पोर्टलवर ठेवायची.

(जवळून: इग्निशनमधली किल्ली. बाहेरून एक हात आत येतो.)

हे दृश्य मला सगळ्यात जास्त खुपतं. इंजिन चालू, मागे बायको-मूल बसलेलं, आणि कुणीतरी किल्ली खेचून खिशात टाकतं. गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे; कलम २०७ मध्ये त्याची कारणं दिली आहेत. विनालायसन्स चालवणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं, अशी. किल्ली हिसकावून घ्या, असं या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. शांतपणे सांगा, "साहेब, गाडी जप्त करत असाल तर तसं लिहून द्या."

लायसन्स काढून घेतलं तर कलम २०६ नुसार पोचपावती मिळायलाच हवी. ती नीट वाचा. काही प्रसंगी ती दाखवून गाडी चालवता येते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट, वेगमर्यादा, दारू अशा गुन्ह्यांत लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येत नाही, हातात पावती असली तरी.

दारूची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. त्यासाठी अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर सोडावं लागतं. आणि अटक कुठल्याही कारणानं असो, ती का केली हे सांगायला हवं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं. तो संविधानाच्या अनुच्छेद २२ नं दिलेला हक्क आहे.

आता त्या दोन नोटा.

जागेवर भरतो तो दंड म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड, कलम २००. ती घेण्याचा अधिकार राज्य सरकारनं ज्यांना दिलाय त्यांनाच, आणि तडजोड मान्य नसेल तर कोर्टात म्हणणं मांडता येतं. पावतीशिवाय दिलेले पैसे म्हणजे लाच. २०१८ पासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे १०६४.

(पुन्हा पूल.)

"आरसे कुठंयत रे?"

"नाहीत, साहेब. चूक झाली."

"मग? काय करायचं?"

मुलगा क्षणभर थांबतो. अंगठा अजून नोटांवरच आहे. सकाळपासून धुरात उभे राहिलेले मामाही थकलेले आहेत.

"चलान करा, साहेब."

मामा त्याच्याकडे बघतात. मग कमरेचं मशीन काढतात, नंबर टाकतात, गाडीचा फोटो घेतात. मुलाच्या मोबाइलवर मेसेज येतो. तो टॉर्चच्या उजेडात वाचतो: गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ, गुन्हा.

"झालं. जा आता. आणि उद्या आरसे लाव."

पाकीट खिशात जातं. नोटा आतच.