गिमवीची गोगलगाय

रत्नागिरी जिल्ह्यातलं, गुहागर तालुक्यातलं गिमवी. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी जाहीर केलं, की इथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जातंय आणि त्यामागे शिस्टोसोमा नावाचा पर्णकृमी आहे. इजिप्तमधला म्हणून पुस्तकात वाचलेला आजार, आणि सापडला कोकणात!

या कृमीला गोगलगाय लागतेच. इजिप्तच्या कालव्यांत ती असते बुलिनस. गिमवीत संशय गेला फेरिसियावर: जेमतेम काही मिलिमीटरची, शंखाला वेटोळं नाही, नुसती टोपी. पाण्यातल्या दगडा-पानांना चिकटलेली असते. शोधायला बसलात तरी नजरेतून सुटेल.

माणसाच्या लघवीतून अंडी पाण्यात येतात. अंड्याच्या एका टोकाला काटा. गोड्या पाण्यात ते फुटतं आणि अंगभर केस असलेली अळी पोहत सुटते. हिला तोंडाने खाता येत नाही. साठवलेल्या शिदोरीवर दिवसभरात गोगलगाय गाठली तर ठीक, नाहीतर खेळ संपला.

गोगलगायीत शिरल्यावर मात्र कमाल होते. अळीची पिशवी बनते, पिशवीत आणखी पिशव्या, आणि त्यांत हजारो नव्या अळ्या. सगळ्या एकाच अंड्याच्या, म्हणून सगळ्या नर, नाहीतर सगळ्या मादी. यजमानीण जगते खरी, पण तिचं स्वतःचं अंडी घालणं बहुधा थांबतं. खाते ती, पोसल्या जातात या अळ्या.

ऊन चढलं की दुभंगलेल्या शेपटीच्या या अळ्या बाहेर पडतात. नेमकी हीच वेळ धुण्याची, डुंबण्याची. पाणी उकळून प्यायलात तरी उपयोग नाही, कारण त्या शिरतात कातडीतून. शेपटी बाहेरच गळते. रक्तातून फुप्फुसं, मग यकृत. तिथे वाढ होते, नर-मादीची जोडी जमते. नराच्या अंगाला लांबट खाच असते, मादी तिच्यातच राहते, आणि अशी ही जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षं संसार करते.

खरा त्रास कृमींचा नाही, अंड्यांचा. बरीचशी अंडी मूत्राशयाच्या भिंतीतच अडकतात, तिथे सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं.

प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी मोठे कृमी मरतात. पण बरा झालेला माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरला, तर पुन्हा लागण होते.