अर्जाची झेरॉक्स

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मानवी हक्क कार्यकर्त्यांपुढील धोके'. मी त्यातल्या माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे, कारण तो प्रत्येक तालुक्यात आहे. इथल्या अर्ध्याअधिक लोकांनी कधी ना कधी अर्ज केला असणार, तेव्हा जोडपत्र 'अ', म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प समजावत बसत नाही.

आधी माझी गोष्ट सांगते. आमच्या वस्तीवरचा रस्ता एका पावसाळ्यात उखडला. मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकाच्या प्रती द्या. सोमवारी अर्ज आवक झाला. बुधवारी तिन्हीसांजेला एक गृहस्थ दारात. मी आत भाकरी थापत होते, सासरे ओसरीवर. गृहस्थांनी पाणी घेतलं, सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढून बाजेवर ठेवला. माझ्या अर्जाची झेरॉक्स! माझी सही, माझा मोबाइल नंबर, आवक शिक्का. स्टॅम्पचा एक कोपरा नीट चिकटला नव्हता, त्याची काळी सावलीसुद्धा झेरॉक्समध्ये उमटली होती. म्हणाला, "अण्णा, सूनबाईंना कागदपत्रांची फार हौस दिसते. पोरं सायकलवरूनच जातात ना शाळेत?" आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. चहा घेतला आणि गेला.

आता याची फिर्याद काय द्यायची? मी चौकीवर गेले, तर विचारलं, "बाई, यात धमकी कुठंय?" पोरांची सायकल विचारणं हा गुन्हा होत नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि तो माझ्याशी बोललाच नाही, हेही लक्षात घ्या. बाईचा अर्ज असला की निरोप सासऱ्याकडे जातो, भावाकडे जातो. घरातूनच तिचा हात धरला जावा, अशी सोय असते.

सासरे त्या रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, सकाळी म्हणतील, अर्ज मागे घे. सकाळी म्हणाले, "हाच अर्ज माझ्या नावानं लिही. सही मी करतो." मग शेजारच्या काकू आल्या, दूध घालणारा आला. आठवड्याभरात त्याच मजकुराचे अकरा अर्ज गेले. माहितीसाठी पहिलं अपील करावं लागलं, पण ते गृहस्थ परत आले नाहीत. अकरा ओसऱ्यांवर चहा घ्यायचा तर माणूसही दमतो. (हशा)

हसा, पण तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी आठवा. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतचे जमीन व्यवहार त्यांनी बाहेर काढले. पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तपास सीबीआयपर्यंत गेला, शिक्षा कुणालाही झाली नाही. त्याच वर्षी जुलैत असेच कार्यकर्ते अमित जेठवांना अहमदाबादला गुजरात उच्च न्यायालयासमोर गोळी घातली. प्रश्न एकाच माणसाच्या पिशवीत असला की माणूस संपवून प्रश्न संपवता येतो, हा त्यामागचा हिशेब आहे. तो हिशेब मोडायचा कसा, हेच मला...

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, भरभर सांगते.

सप्टेंबर २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं ठराव केला: अर्जदारावर हल्ला झाला, तर त्यानं मागितलेली माहिती संकेतस्थळावर खुली करण्याचे आदेश द्यायचे. माझ्या मते याहून चांगलं संरक्षण नाही. हल्ल्याची फिर्याद नोंदली की पंचायत समितीपर्यंत हे आपोआप व्हायला हवं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कामांची बरीचशी माहिती न मागताच लावायची आहे. ती लागली तर निम्मे अर्ज करावेच लागणार नाहीत.

कलम ६(२) प्रमाणे अर्जदारानं कारण सांगायचं नसतं, आणि संपर्कापुरता तपशील पुरतो. पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो, असं कोलकाता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंय. कुणी म्हणेल, ज्याच्याबद्दल माहिती मागितली त्या त्रयस्थ पक्षाला कळवावंच लागतं. कळवा की! माझा मोबाइल नंबर कशाला द्यायचा?

जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण अंमलात आणलाच गेला नाही. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली 'वैयक्तिक माहिती' न देण्याची सूट सरसकट करून टाकली. म्हणजे लाभार्थ्याचं नाव खाजगी ठरवता येईल आणि अर्जदाराचं नाव दोन दिवसांत बाजेवर येईल. मला याची चीड येते.

'माहिती अधिकारवाला म्हणजे खंडणीवाला' या शिक्क्याबद्दलही बोलायचं होतं. पैसे उकळणारे आहेत, मी पाहिलेत. त्यांच्यावर गुन्हे दाखल करा. पण उत्तर मिळालं की ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. वाचून दाखवलेल्या कागदाचे पैसे कुणाला मागता येत नाहीत.

मागच्या टेबलावर जोडपत्र 'अ'चे कोरे नमुने ठेवलेत. एकेकट्यानं नेऊ नका. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय, त्यांनाही एक द्या.