पोळं न बांधणाऱ्या माश्यांसाठी घर

नमस्कार श्रोतेहो.

मधमाशी म्हटलं की पोळं आलंच. कड्याला लोंबणारं आग्या माशीचं, झाडाच्या ढोलीतलं सातेरीचं, नाहीतर मेंदीच्या कुंपणात फुलोरीनं बांधलेलं तळहाताएवढं. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या माश्या पोळं बांधतच नाहीत. त्यांच्यात राणी नसते, कामकरी नसतात. एकटी मादी, तिनं शोधलेलं एखादं भोक आणि त्यात तिनं घातलेली अंडी, एवढाच संसार. जगात मधमाश्यांच्या कुळातल्या सुमारे २०,००० जाती माहीत आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य अशा एकट्या राहणाऱ्या आहेत. मध साठवणाऱ्या मूठभरच.

तुम्ही त्यांना पाहिलंय. सुक्या वाशाला किंवा मांडवाच्या बांबूला बोटाएवढं गोल भोक पाडणारा काळा, चकचकीत निळ्या पंखांचा भुंगा हा त्यांच्यातलाच. ते भोक भुंग्याची मादी पाडते. तुळशीवर, सब्ज्यावर क्षणभरही न थांबता या फुलावरून त्या फुलावर झेपावणारी, पोटावर निळसर पट्टे असलेली माशी, तीही यांच्यातलीच. आणि गुलाबाच्या पानाची कड कात्रीनं गोल कापून नेल्यासारखी दिसते ना, ते काम पानकापी माशीचं. तशी पानं दिसली की बरेच जण औषधाचा पंप बाहेर काढतात. कृपा करून तसं करू नका. अळी पान खाते, ही माशी ते खात नाही. कापलेला तुकडा पायांत धरून ती एखाद्या पोकळ काडीत, भिंतीच्या भोकात, कधी तर विजेच्या प्लगच्या भोकातही नेते. तिथं लांबट तुकड्यांची विड्यासारखी गुंडाळी करते, आत पराग आणि मधुरस कालवून ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि गोल तुकड्यांनी तोंड बंद करते. मग त्याच नळीत पुढची खोली, तिच्यापुढे आणखी एक. नळी भरली की बाहेरचं दार बंद करून ती निघून जाते. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा बहुधा ती हयात नसते, म्हणून जन्मभराची शिदोरी तिनं आधीच बांधून ठेवलेली असते.

आता या माश्या आपल्याला काय देतात? मध नाही. पण सध्या तुरी फुलोऱ्यावर येत आहेत, तिथं जाऊन बघा. तुरीच्या फुलात पुंकेसर एका मिटलेल्या पाकळीत दडलेले असतात. जरा वजनदार माशी त्या पाकळीवर बसली की ती दबते, केसर उसळून बाहेर येतात आणि माशीच्या पोटाला पराग लागतो. आग्या माशी हे करते आणि पानकापीच्या कुळातल्या माश्याही करतात. पानकापी पराग पोटाखालच्या केसांत कोरडाच वाहून नेते. सातेरी तो मधुरसानं ओला करून पायाच्या टोपलीत घट्ट बसवते. कोरडा पराग सहज सांडतो आणि पुढच्या फुलाला मिळतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तिथं तुरीचा संकरित वाण तयार झाला, तेव्हा परक्या झाडाचा पराग मादी म्हणून लावलेल्या झाडांच्या ओळीपर्यंत पोचवायचं काम या कीटकांवरच सोपवलेलं होतं. माणसानं हातानं ते शेतभर करणं शक्यच नव्हतं.

वांग्या-टोमॅटोची गोष्ट वेगळी, आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. वांग्याच्या फुलाच्या मध्यावर पिवळ्या परागकोशांचा झुपका असतो. पराग त्या कोशांच्या आत असतो आणि बाहेर यायची वाट म्हणजे टोकाची बारीक भोकं. वाऱ्यानं झुपका हलला तर थोडा पराग गळतो. पण निळ्या पट्ट्यांची माशी किंवा भुंग्याची मादी त्या झुपक्याला कवटाळते, पंख न फडकवता उडायचे स्नायू नुसते थरथरवते आणि परागाची धूळ तिच्या अंगावर उडते. त्या वेळी तिचा गुणगुणाट एकदम बारीक, टिपेचा होतो. सकाळी परसात उभं राहिलात तर तो आवाज ऐकून ओळखता येईल. पोळ्यातल्या मधमाश्यांना ही युक्ती जमत नाही.

मग अडचण कुठे आहे? जागेची. पूर्वी घरांच्या भिंती मातीच्या होत्या, कुडाच्या होत्या, छपरात बांबू होता, कुंपणाला वाळलेल्या काटक्या असायच्या. या माश्यांना हव्या त्या पोकळ्या न मागता मिळायच्या. आता गिलावा गुळगुळीत आणि अंगणात पेव्हर ब्लॉक. एवढं कमी म्हणून बागेतली प्रत्येक सुकी काडी कचऱ्यात. म्हणून घर आपण द्यायचं.

ते करायला पैसे लागत नाहीत. बुरुडाकडे टोपल्यांची कामं करून बारीक बांबूचे तुकडे उरलेले असतात, ते मागून आणा. ओढ्याकाठचा बोरू चालतो. पेराच्या एका टोकाचा सांधा शाबूत ठेवायचा, म्हणजे नळी मागून बंद राहते. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीत माशी सहसा घर करत नाही. भोक ४ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान असावं. एकाच मापाच्या नळ्या नकोत, कारण प्रत्येक जातीचं माप वेगळं. लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास हवी आणि यात हयगय करू नका. माशी मादी होणारी अंडी नळीच्या तळाशी घालते, नर होणारी दाराजवळ. नळी आखूड असेल तर नरच जास्त होतात. बाजारात शोभेची म्हणून मिळणारी पाच-सहा सेंटिमीटरच्या नळ्यांची, मध्ये सुरूची बोंडं भरलेली घरं मला या कारणानं पसंत नाहीत. बोंडांत एकही माशी राहत नाही.

नळी बारीक दातांच्या करवतीनं कापा आणि तोंड पॉलिशपेपरनं घासा, कुसळ राहिलं तर माशीचे पंख फाटतात. अशा वीस-पंचवीस नळ्यांची मोळी एका मातीच्या कुंडीत आडवी घट्ट बसवा. कुंडीचा काठ नळ्यांच्या जरा पुढे आला की पावसाचं झड लागत नाही. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या टाळा, आत दमट राहून पराग बुरसतो. कुंडी छातीइतक्या उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून, वाऱ्यानं हलणार नाही अशी बांधा. विदर्भ-मराठवाड्यात दुपारचं ऊन येणार नाही अशी जागा बघा. कोकणात वळचणीखाली किंवा पडवीतच ठेवा. मुंग्या चढत असतील तर बांधलेल्या तारेला ग्रीस लावा.

एक मोठं घर करण्यापेक्षा चार लहान, चार ठिकाणी केलेली बरी. सगळ्या माश्या एकाच जागी दाटल्या की परोपजीवी माश्या आणि किडेही तिथंच गोळा होतात. पिल्लं बाहेर पडलेल्या जुन्या नळ्या पावसाळ्याआधी काढून टाका आणि नव्या भरा. नळीचं तोंड मातीनं, पानानं किंवा डिंकासारख्या चिकानं बंद दिसलं तर ती भरलेली आहे, तिला हात लावू नका. काही नळ्यांत कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी माशी, येईल. येऊ द्या, ती कोळी आणि अळ्या पकडते.

चावतील का, असं मला नेहमी विचारलं जातं. यांना राखायचा मधाचा साठा नसतो, त्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. नरांना तर नांगीच नसते. मादी मुठीत दाबली गेली तरच डसते. मात्र ज्यांना माशीच्या डंखाची ॲलर्जी आहे, त्यांनी घर येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर लावावं.

आणि घर लावून काम संपत नाही, कारण यातल्या बहुतेक जाती नळीत येतच नाहीत, त्या जमिनीत बीळ करतात. त्यांच्यासाठी बागेचा उन्हाचा एक कोपरा उघडा ठेवा. फरशी नको, पालापाचोळ्याचं आच्छादन नको, कुदळ नको. निळ्या पट्ट्यांच्या माशीसाठी एखाद्या खोक्यात चिकणमातीचा गारा भरून, तो अर्धवट वाळल्यावर पेन्सिलनं खोल भोकं पाडून ठेवता येतात. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध कुंडीत घालू नका. ते मुळातून चढून परागात आणि मधुरसात उतरतं. फवारणी टाळताच येत नसेल तर फुलं नसलेल्या झाडावर आणि माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा.

पाऊस सरला आहे, गुलाबाची छाटणी या दिवसांत सगळेच करतील. छाटलेल्या जाड काड्या जाळू नका. पेन्सिलीएवढ्या काड्यांची जुडी कुंपणाला आडवी बांधून ठेवा, घाणेरीच्या सुक्या काड्याही त्यात घाला. यांच्या मऊ गाभ्यात मुंगीपेक्षा थोड्याच मोठ्या, हिरवट चकाकणाऱ्या माश्या घर कोरतात. काडीचं कापलेलं टोक उघडं राहील एवढं मात्र बघा, त्या तिथूनच आत शिरतात.

नमस्कार.