पद्मिनीत मोठे स्पीकर, पत्रा मात्र शाबूत

[दृश्य: दाराचा पॅनेल निघालेला. आतला पत्रा जवळून.]

रेक्झिनचा पॅनेल काढला की प्रीमियर पद्मिनीचं दार आतून असं दिसतं. वर काच, मधे काच उचलणारी यंत्रणा, आणि पत्र्यात कारखान्यातूनच आलेली मोकळी भोकं. खालचं हे वाकड्या कडांचं गोल भोक मात्र कारखान्यातलं नाही. साडेसहा इंची स्पीकर बसावा म्हणून कुणीतरी ते टिन कटरने पाडलंय. कडेला गंज अडवणाऱ्या रेडऑक्साइडचा एक हातही नाही. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं, ते याच कडेवर थांबतं. गंज इथून निघाला आणि दाराच्या खालच्या घडीपर्यंत पोचला.

या भोकाची गरजच नव्हती. पद्मिनीत मोठे स्पीकर बसतात, चांगले वाजतात, आणि त्यासाठी पत्र्याचा एक तुकडाही कापावा लागत नाही.

[दृश्य: बोनेट, पुढची जाळी, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा]

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट सुरू झाली. पुढे ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, पुढे सलग बाकासारखी सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईत हीच काळीपिवळी. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या त्या हौसेने जपलेल्या. म्हणून प्रत्येक पत्रा मोलाचा.

कॅसेटच्या काळात टॅक्सीवाल्यांनी मागच्या काचेखाली, पार्सल ट्रेवर, सहा बाय नऊ इंची अंडाकृती स्पीकर बसवले. जागा त्यांनी अचूक हेरली होती. ट्रेच्या खाली अख्खी डिकी रिकामी, म्हणजे स्पीकरला लागणारी हवा आयतीच मिळते. फक्त बरेचदा ते थेट हार्डबोर्डवर आवळले जायचे. तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणि वर दोन-दोन किलोचा स्पीकर! उन्हाने बोर्ड खाली झुकतो, स्क्रू ढिले होतात, आणि प्रत्येक ठेक्याला ट्रे खडखडते.

[दृश्य: ट्रे बाहेर काढणं. ब्राऊन पेपरवर पेन्सिल.]

पहिलं काम, मूळ ट्रे न फोडता बाहेर काढायची. मागच्या सीटची पाठ आधी काढा, मग ट्रे पुढे सरकते. जुना हार्डबोर्ड कोपऱ्यांवर भुसभुशीत झालेला असतो, ओढलात तर कोपरा हातात येईल. निघाली की ब्राऊन पेपरवर तिचा आकार उतरवून घ्या. मूळ ट्रे जुन्या चादरीत गुंडाळून, सपाट, कोरड्या जागी ठेवा. उभी ठेवली तर वाकते.

नवी ट्रे १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडची. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, कापायला सोपं, पण मुंबईच्या दोन पावसाळ्यांत फुगतं आणि स्क्रूची पकड सुटते. सहा बाय नऊच्या स्पीकरला भोक साधारण १५२ बाय २२२ मिलिमीटरचं लागतं, पण या आकड्यावर कापू नका. खोक्यात कागदी साचा येतो, त्यावरून कापा. कंपनीगणिक चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतातच.

कापण्याआधी डिकीत डोकं घालून वर पाहा. ट्रेखाली पत्र्याचा आडवा भाग कुठे येतो, मोकळं कुठे आहे. स्पीकरच्या पाठीचा लोहचुंबक त्या मोकळ्या भागात उतरला पाहिजे. या स्पीकरची खोली ७५ ते ९० मिलिमीटर असते. डिकीचं झाकण बंद होताना बिजागरीचा दांडा खाली कुठवर येतो तेही बघायचं. त्यासाठी ही युक्ती: चुंबकाच्या जागी शाडूचा गोळा चिकटवा, झाकण हळूच लावा, उघडा. गोळा चेपला असेल तर स्पीकर तेवढा आत सरकवा.

[दृश्य: कापलेली कड, वॉर्निशचा ब्रश]

कापलेल्या कडेला वॉर्निशचे दोन हात. प्लाय पाणी पितं ते कडेतूनच. स्क्रू लाकडात थेट पिळायचे नाहीत. प्लायच्या खालच्या बाजूने टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारे नट, ठोका आणि वरून पाच मिलिमीटरचे बोल्ट लावा. पुढे स्पीकर दहादा काढला तरी भोक झिजणार नाही. वर तीन मिलिमीटर फोम, त्यावर मूळ रंगाचं रेक्झिन. ग्रिल साधी काळी घ्या. चकचकीत ग्रिल मागच्या काचेत उमटते आणि आरशात पाहताना डोळ्यांवर येते.

स्पीकरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूसारखा भाग, कसला घ्यायचा याचं उत्तर उन्हात आहे. काचेखाली दिवसभर ऊन. कागदी कोन पांढुरका पडतो, कडेचा फोम काही वर्षांत बोटाने चुरता येईल इतका ठिसूळ होतो. इथे पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबराची कड.

[दृश्य: रात्र. डिकीत दिवा, गाडीत अंधार.]

आता ज्या कामाने सगळ्यात जास्त फरक पडतो आणि जे सगळ्यात कमी लोक करतात ते काम. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. मागची हवा फिरून पुढे आली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि पहिला बळी जातो तो तबल्याच्या डग्ग्याचा. मग माणूस म्हणतो, आणखी मोठा स्पीकर हवा. स्पीकर पुरेसा मोठा असतो, फट बंद नसते.

पद्मिनीच्या डिकी आणि मागच्या सीटच्या मधे भिंत अशी नसतेच, स्प्रिंग, काथ्या आणि रेक्झिन एवढंच. तिथे सहा मिलिमीटर प्लायचा पडदा बसवा, आहेत त्या भोकांतून बोल्ट घेऊन. मग रात्री डिकीत दिवा लावा, झाकण बंद करा आणि आत बसून पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. ही बघा, ट्रेच्या उजव्या टोकाला एक, सीटच्या पाठीच्या खाली एक लांबच लांब. फोमची चिकटपट्टी लावत जा, रेघा विझेपर्यंत. ट्रे पत्र्यावर टेकते तिथेही हीच पट्टी हवी, म्हणजे खडखड नाही.

[दृश्य: दीड व्होल्टचा सेल, दोन वायरी, कोन]

जोडण्याआधी साधा पेन्सिल सेल घ्या. सेलची अधिक बाजू स्पीकरच्या अधिक टोकाला, वजा वजाला, क्षणभरच. कोन बाहेर आला पाहिजे. दुसऱ्याचाही बाहेरच. एक बाहेर आणि एक आत असेल तर सगळी मेहनत वाया, कारण दोन्ही स्पीकर मिळून डग्गा पुसून टाकतील.

[दृश्य: पुढची सीट, पायाजवळची बाजू]

पुढचे स्पीकर. दार सोडून द्या. पायाशी, डॅशखाली बाजूच्या पत्र्याला लागून, प्लायचे तिरके खोके करा, तोंड पलीकडच्या बाजूला बसणाऱ्याकडे वळलेलं. सव्वापाच इंची सहज बसतो, साडेसहालाही जागा काढता येते. खोका ट्रिमच्या आहेत त्याच स्क्रूंवर धरायचा. उजव्या बाजूला जपून, तिथे अ‍ॅक्सिलरेटरचा पाय असतो. बूट घालून, तिन्ही पेडल पूर्ण दाबून पाहा. बुटाची कड खोक्याला घासत असेल तर सव्वापाच इंचीवरच थांबा.

दारातच लावायचा हट्ट असेल तर पॅनेलची प्लायची नक्कल करा आणि पत्र्यातलं आधीचं मोकळं भोक सोयीचं येतं का पाहा. काच पूर्ण खाली घेऊन भोकातून पट्टी आत घाला आणि काचेपर्यंतचं अंतर मोजा. साडेसहा इंची स्पीकर ५० ते ७० मिलिमीटर खोल असतो, बहुधा तिथेच प्रश्न मिटतो. बसलाच, तर चुंबकावर पावसाची टोपी हवी आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी.

[दृश्य: डेकचं खोकं, पुठ्ठ्यावर छापलेले वॅट]

डेकच्या, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या संचाच्या, खोक्यावर लिहिलंय, ५० वॅट गुणिले ४. हा क्षणिक आकडा. अशा डेकमधून सलग मिळतात चॅनेलमागे १५ ते २० वॅट. म्हणून स्पीकरवरचे वॅट नका पाहू, डेसिबल पाहा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते, ३ डेसिबलने जास्त असली की निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. डेकवर चालवायचे असतील तर ९० च्या वरचेच घ्या. आणि ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध, ४. एकाच चॅनेलवर दोन स्पीकर समांतर, म्हणजे अधिकला अधिक आणि वजाला वजा, जोडलेत तर भार २ ओहमवर येतो, डेक तापतो आणि जातो.

डेकसाठी डॅशही कापायचा नाही. गिअरचा दांडा वर असल्यामुळे मधे पायाशी जागा मोकळी आहे. १८२ बाय ५३ मिलिमीटर तोंडाचा पत्र्याचा डबा डॅशखाली लटकवला की झालं.

अ‍ॅम्प्लिफायर लावणार असाल तर आधी बोनेट उघडा. जुन्या गाड्यांत डायनॅमो आहे, तो इंजिन मंद असताना चार्ज देत नाही. दोन हेडलाइट आठ-नऊ अँपिअर खातात, वर वायपर, वर अ‍ॅम्प्लिफायर. सिग्नलला उभं राहून बॅटरी उतरते. मल्टिमीटर लावा. इंजिन जरा चढवल्यावर १३.८ ते १४.२ व्होल्ट दिसत नसतील तर अ‍ॅम्प्लिफायर विसरा.

[दृश्य: दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचललेली, आत वायरी]

बॅटरीची वायर एका बाजूच्या उंबऱ्याखालून, स्पीकरच्या दुसऱ्या बाजूने. स्पीकरला दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. लहान अ‍ॅम्प्लिफायरला किमान सहाची, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रिंग. नसेल तर पत्रा वायर कापतो, आणि फ्यूजही नसेल तर गाडी पेटते. अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या सीटखाली ठेवा, डिकीच्या तळाशी नको, तिथे पाणी साचतं. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून लखलखीत पत्रा काढा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस.

इंजिन चढवलं की कूं असा स्वर वर चढत असेल तर अर्थिंग तपासा, डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच ठिकाणी अर्थ करा. कटकट येत असेल तर ती प्लगची, पाच किलो-ओहमच्या रेझिस्टर कॅप लावा. हीच कटकट दाबायला कॉइलला कंडेन्सर लावलात तर तो किल्लीकडून येणाऱ्या १२ व्होल्टच्या टोकाला. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावलात तर ठिणगीच बिघडते.

[दृश्य: पूर्ण झालेली ट्रे, बाहेरून मागची काच]

५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. सुरुवातीच्या पद्मिन्यांचं ते वय झालंय, म्हणूनही पत्रा शाबूत हवा.

डेकमध्ये पुढच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचा आवाज बंद करा, तो मागच्यांना द्या. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल, पुढे ठेवा, गाणं समोरून आलं पाहिजे. बेस शून्यावर ठेवून सुरुवात करा. शे-दोनशे किलोमीटर चालली की ट्रेचे बोल्ट एकदा पुन्हा आवळा, नवं रेक्झिन आणि फोम दबलेले असतात.