मारुतीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

घरात सत्यनारायण असला की गुरुजी सुरुवातीला यजमानांच्या हातावर पाणी घालतात आणि संकल्प सांगतात. तो कधी नीट कान देऊन ऐकलाय? त्यात संवत्सराचं नाव येतं. अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार येतो. आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसलोय की उत्तर, तेसुद्धा येतं. मग गोत्र, नाव, आणि आज कोणती पूजा करणार ते. एवढं झाल्यावर 'करिष्ये' म्हणून ताम्हनात पाणी सोडायचं. कोण, कुठे, केव्हा, काय, कशातही मोघमपणा नाही.

आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तोच शब्द वापरून आपण काय म्हणतो? 'यंदा तब्येतीकडे बघायचं.' 'वाचन वाढवायचं.' 'चार पैसे बाजूला टाकायचे.' किती, कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, यातलं काही ठरलेलंच नसतं. घरातला तिळगूळ संपायच्या आत संकल्प विरतो, आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. मला याचं फार वाईट वाटतं. आळस असतोही थोडा, पण बहुतेक वेळा मुळात वाक्यच अर्धवट सोडलेलं असतं.

माझ्या आईचंच सांगते. गुडघे दुखायचे, साखर वाढलेली, आणि डॉक्टर दर वेळी म्हणायचे, व्यायाम करा. ती मान डोलवायची. दोन वर्षं अशीच गेली. मग एकदा आम्ही दोघींनी बसून वाक्य पुरं केलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की लगेच चपला घालायच्या आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन वीस मिनिटं, जास्त नाही. दिवा ती कधी चुकवत नाही, म्हणून चालणं दिव्याला बांधलं.

हिशेब ठेवायला वही नव्हती. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचा खाडा ती मांडतेच. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या तारखेवर फुली. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात ती चालण्याचाही खाडा मांडू लागली. पावसाळ्यात एका महिन्यात नऊ फुल्या पडल्या. ती खट्टू झाली. मी म्हटलं, आई, बाकीचे बावीस दिवस तू गेलीस की!

खाडा धरूनच बेत आखावा. पोस्टातलं आरडी खातं बघा. महिन्याला कमीत कमी १०० रुपये, पाच वर्षं, म्हणजे ६० हप्ते. दरमहा ५०० भरले तर मुदलाचेच ३०,००० होतात, व्याज वेगळं. एखादा हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड भरायचा आणि पुढे चालू, खातं तेवढ्याने बंद पडत नाही. बचत करायची असेल तर ती अशी रकमेत आणि तारखेत सांगा.

वारीतही हेच आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पण पहाटे उठलेला वारकरी आज सासवड, उद्या जेजुरी, परवा वाल्हे असा मुक्काम धरून चालतो. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड गाठायचं, हा लांबचा टप्पा. आणि बहुतेक वर्षी सासवडला पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो. विसावा आधीपासून वेळापत्रकातच धरलेला आहे.

तेव्हा आज रात्री एकच वाक्य कागदावर लिहा. एकच. त्यात वेळ असू द्या, जागा असू द्या, आकडा असू द्या. आकडा लिहिताना स्वतःवर दया करा. तापातून उठल्यावरही जमेल एवढाच धरा, वाढवायला पुढे अख्खं वर्ष पडलंय.

आमच्याकडे नवं कालनिर्णय परवाच आलं. आईने जुन्याला बांधलेली पेन्सिल दोऱ्यासकट सोडवून नव्याला बांधली आणि १ जानेवारीच्या चौकोनात आत्तापासूनच लिहून ठेवलंय : दूध दीड लिटर. मारुती.

नमस्कार.