मू पिंग : बँकॉकची सकाळ, काडीवर ओवलेली

नमस्कार मंडळी!

थायलंडचं स्ट्रीट फूड म्हटलं की कॅमेरा थेट रात्रीच्या बाजारात शिरतो. दिव्यांचा झगमगाट, तळलेले किडे, पर्यटकांची गर्दी. आज मात्र आपण भल्या पहाटेच्या बँकॉकमध्ये जाऊ. कामावर निघालेला तिथला माणूस गल्लीच्या तोंडाशी, नाहीतर स्कायट्रेनच्या जिन्याखाली, एका धुराळलेल्या गाडीपाशी मिनिटभर थांबतो. तो जे घेतो ते मू पिंग. बांबूच्या काडीला ओवून निखाऱ्यांवर भाजलेलं डुकराचं मांस. एक काडी साधारण 10 बाटला (बाट हे थाई चलन). बऱ्याच गाड्यांवर ऑफिसं सुरू होईपर्यंत माल संपलेलासुद्धा असतो.

(दृश्य: काडी, अगदी जवळून)

ही काडी नीट बघा. मांसाचे चौकोनी तुकडे नाहीत. पातळ काप आहेत, एकावर एक चढवून घट्ट दाबलेले, त्यामुळे सगळी मिळून एकच चपटी पट्टी दिसते. आणि हा पांढरा तुकडा दिसतोय? ही चरबी. मुद्दाम ओवलेली. मांस बहुतेक वेळा खांद्याचं किंवा मानेकडचं घेतात. निखाऱ्यावर नुसतं मांस ठेवलं तर वाळून वातड होतं. चरबी वितळते, शेजारच्या कापांवर उतरते आणि त्यांना ओलं ठेवते. तब्येतीच्या नावाखाली हा तुकडा काढून टाकलात, तर मू पिंगमधला जीवच काढून घेतलात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मसाला. लसूण, पांढरी मिरी आणि कोथिंबिरीची मुळं, हे तिन्ही खलबत्त्यात कुटायचं. हो, मुळं! आपण जुडी निवडताना जी सरळ कचऱ्यात टाकतो, तीच. पानांपेक्षा त्यांचा वास खोल, मातकट असतो. थाई स्वयंपाकात असंख्य पदार्थांची सुरुवात याच वाटणानं होते. त्यात मासळीचा सॉस, कालवांचा सॉस, सोया सॉस आणि माडाचा गूळ. गोव्याच्या मंडळींना हा गूळ वेगळा सांगायला नको, थायलंडमध्येही तो माडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, काढलेला रस आटवूनच करतात. शेवटी नारळाचं दूध, आणि मग मांस रात्रभर मुरवत ठेवायचं.

मिरची कुठे आली? आलीच नाही. मू पिंग गोडसर, खारट, धुरकट असतं. तिखट हवं असेल तर वेगळी चटणी मिळते, नाम चिम चेऊ. सुकी मिरची, चिंच, मासळीचा सॉस, आणि भाजून जाडसर कुटलेला तांदूळ. त्या तांदळाचा खमंगपणा आणि दाताखाली येणारी कचकच मला फार आवडते.

खरी परीक्षा आगीपाशी. मुरवणात गूळ आहे, म्हणजे जाळ जरा वाढला की वरून कोळसा आणि आतून कच्चं. म्हणून ज्वाला नको, राख धरलेले निखारे हवेत. विकणारी बाई काड्या सारख्या उलटत राहते आणि मधूनमधून नारळाच्या दुधाचा हात फिरवते. त्यानं मांसाचा वरचा भाग थंडावतो, करपत नाही, आणि हळूहळू तपकिरी चकाकी चढते. चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, तोही चवीतच मोजायचा.

सोबत छोट्या पिशवीत गरम चिकट भात. हा तांदूळच वेगळा, त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जवळजवळ नसतोच, म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात. रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात, पाण्यात शिजवत नाहीत. उत्तर थायलंड आणि ईशान्येकडचा इसान प्रदेश यांचा हा रोजचा भात. इसानमधून लाखो माणसं बँकॉकला कामाला आली, त्यांच्याबरोबर भातही आला. बोटांनी गोळा तोडायचा, मांसाबरोबर तोंडात टाकायचा. ताट नको, चमचा नको, बसायला जागाही नको.

जाता जाता एक, साते, म्हणजे काडीवरच भाजलेलं दुसरं मांस, ते मू पिंग नव्हे. सातेला हळदीचा रंग आणि शेंगदाण्याची चटणी असते, ती वेगळी परंपरा.

हा नाश्ता किती रोजचा आहे ते 2022 च्या जानेवारीत दिसलं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाची साथ असल्याचं थाई सरकारनं तेव्हा मान्य केलं आणि डुकराच्या मांसाचा भाव किलोला 200 बाटच्या वर गेला. हातावर पोट असलेल्या गाडीवाल्यांची पंचाईत झाली. भाव वाढवावा तर रोजचं गिऱ्हाईक तुटतं, न वाढवावा तर हातात काही उरत नाही.

वसईत, वांद्र्यात, गोव्यात ज्यांच्या घरी पोर्क शिजतं, त्यांनी हे जरूर करून बघा. खाटकाला खांद्याचं मांस चरबीसकट मागा, मांसाच्या धाग्यांना आडवे असे पातळ काप करा, काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा. आणि पोर्क आतपर्यंत पूर्ण शिजू द्या. पोर्क खात नसाल तर कोंबडीच्या मांडीचं मांस घ्या, थायलंडमध्ये तेही गाड्यांवर मिळतं, गाय पिंग म्हणून (थाई भाषेत 'गाय' म्हणजे कोंबडी).