उणे चाळीस अंशांतला गोवा

(फोंडा तालुक्यात टॅक्सीचालक आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर ‘चलता मरे, मागीर पळोवया’ (चालतंय रे, नंतर बघू) म्हणून गाडी तशीच दामटली जाते, नाहीतर गॅरेजात स्कॅनर लावून एरर उडवला जातो. दिवा विझतो, पैसे दिले जातात आणि आठवड्याभरात दिवा परत पेटतो. आज बोलायचंय ते या दोहोंच्या मधल्या कामाबद्दल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचण्याबद्दल.

स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचं सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ते सक्तीचं झालं. आपल्याकडे धुराच्या बीएस-४ नियमांबरोबर २०१० मध्ये बिघाड नोंदवण्याच्या या पद्धतीचा पहिला टप्पा आला, २०१३ मध्ये दुसरा. कायदा आला तो धुरासाठी, तुमच्या-माझ्या सोयीसाठी नव्हे. म्हणून ज्या बिघाडानं प्रदूषण वाढू शकतं त्यावर हा दिवा डोळा ठेवतो. ब्रेकचे लायनर झिजले, बेअरिंग वाजू लागलं, तर त्याला पत्ता नसतो. तिथं आपले कानच.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संवाद. पुढचा अंक शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. एक असेल तर कंपनीचा स्वतःचा; त्याचा अर्थ त्या कंपनीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, दुसऱ्या गाडीच्या यादीत नाही.

आता पी०११३ घ्या. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा हा कोड, पुढे लिहिलेलं असतं ‘हाय’. बरेच जण समजतात हवा फार तापली. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे, उघडून बघा: मे महिन्यात, म्हापशाच्या बाजारात, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि स्कॅनर म्हणतो हवा उणे चाळीस अंश! कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. त्याला हवा कळतच नाही, त्याला कळतं फक्त व्होल्टेज. तो सेन्सरकडे जाणाऱ्या वायरवर पाच व्होल्ट धरून असतो. हवा तापली की सेन्सरचा रोध घटतो आणि व्होल्टेज खाली येतं; हवा थंड असेल तर ते चढतं. वायर तुटली तर पाच व्होल्ट जसेच्या तसे राहतात आणि कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावतो की बाहेर कडाक्याची थंडी आहे. ‘हाय’ आहे ते व्होल्टेज.

कोडनं सर्किटची तक्रार नोंदवली, सेन्सरला दोषी ठरवलेलं नाही. तरी बिल फाडलं जातं सेन्सरचं. आयटीआयच्या मुलांनो, हे लिहून घ्या. सेन्सरचा कपलर, म्हणजे त्याला वायरिंगशी जोडणारा प्लग, काढा. वायरिंगकडच्या कपलरातल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं एकमेकींना जोडा आणि स्कॅनरकडे बघा. आकडा उणे चाळीसवरून उडी मारून शंभराच्या पार गेला, तर वायरिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, सेन्सर बदला. आकडा ढिम्म राहिला तर सेन्सर विकत घेऊ नका, वायर तपासा. मात्र हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर. तीन वायरींच्या सेन्सरवर करू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातच लावू नका.

आपल्या गोव्यात तपासाची सुरुवात कपलरपासूनच करावी असं माझं मत आहे. किनाऱ्याची खारी हवा, फेरीबोटीवर उडणारं पाणी, चार महिने पाऊस. पिनांवर हिरवट थर चढलेला असतो. पावसात उबेला आलेले उंदीर बोनेटखाली वायर कुरतडतात, ते वेगळंच.

पी०१७१ हाही असाच फसवा कोड. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. हे सांगितलं ऑक्सिजन सेन्सरनं, म्हणून लोक त्यालाच बदलतात! निरोप आणणाऱ्यालाच बडवण्यातला प्रकार. त्याऐवजी फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर किती टक्के जादा पेट्रोल देतोय ते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, आकडा मोठा आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल, तर कुठंतरी रबरी नळी फाटून चोरहवा शिरतेय. उलट वेगाबरोबर आकडा वाढत असेल, तर पेट्रोल पंप, फिल्टर यांच्याकडे वळा.

कोड उडवण्याआधी त्याचा फोटो काढा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठलेली असते: बिघाड झाला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती तापलेलं, त्यावर लोड किती. गाडी अनमोड घाट चढताना अडखळली की पणजीच्या सिग्नलला उभी असताना, हे त्यावरून उमगतं. कोड पुसला की तेही जातं. दोष खरोखर दूर झाला असेल, तर साधारण तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. त्याला उडवायची गरजच नसते.

रेंट-अ-कॅबवाल्यांसाठी एक. पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी सीझनला काढली की कधी कधी यू कोडांची रांग लागते. घाबरू नका. बॅटरी उतरलेली असते, कमी व्होल्टेजमध्ये कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड टिपून पुसा, आणि परत येतात तेच तपासा.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा मुलामा असतो. ठिणगी पाडणारी एक कॉइल स्वस्त, कन्व्हर्टर नाही. पॅसेंजर कितीही घाईत असो, ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.

मागून प्रश्न आलाय, त्या सॉकेटात खोचायचा स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल आणि मोबाईलवरचं ॲप पुरेल का? इंजिनाच्या सामाईक कोडांसाठी बहुधा पुरतं. एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅगसाठी कंपनीचा किंवा चांगला स्कॅनर लागेल. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बारा व्होल्ट मिळत राहतात, आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी तोच खातो.